बळ आणि वेग

शंभर किलो वजनाचा कसलेला गडी जमिनीवरचें अवजड लोखंड उचलून ताठ उभा राहतो, तेव्हां त्याच्या देहाच्या यंत्रांतून सुमारें ११०० वॉट शक्ति बाहेर पडते. तितक्याच वजनाचा व तितक्याच तयारीचा दुसरा गडी त्याहून पुष्कळ हलकें वजन एका झेपेंत जमिनीवरून डोक्यावर नेतो, तेव्हां हाच आंकडा ३००० वॉटच्या घरांत जातो. अमेरिकन संशोधक जॉन गारहॅमर यांच्या मोजमापांवरून हे आंकडे प्रचारांत आले. यांतील गंमत अशी कीं, पहिल्या खेळाचें नांव पॉवरलिफ्टिंग, म्हणजे शब्दशः शक्तीचें उचलणें. आणि दुसऱ्याचें नांव नुसतें वेटलिफ्टिंग. ज्याच्या नांवांतच शक्ति आहे त्या खेळांत ती कमी भरते. कारण उघड आहे. भौतिकशास्त्राच्या भाषेंत शक्ति म्हणजे बळ गुणिलें वेग. आणि पॉवरलिफ्टिंगमध्यें बळ अफाट असलें तरी वेग अगदींच थोडा.

हा खेळ तसा अलीकडचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका व इंग्लंड येथील व्यायामशाळांतून, ऑलिंपिकच्या ठरीव प्रकारांखेरीज इतर नाना तऱ्हांनीं वजनें उचलण्याच्या चढाओढी होऊं लागल्या. त्यांतून शेवटीं तीन प्रकार उरले : खांद्यांवर दांडा घेऊन बैठक मारून उठणें, बाकावर उताणें पडून दांडा छातीपासून वर ढकलणें, आणि जमिनीवरचा दांडा उचलून ताठ उभें राहणें. स्क्वॉट, बेंच प्रेस व डेडलिफ्ट हीं त्यांचीं रूढ नांवें. १९६४ सालीं पेनसिल्व्हेनियांतील यॉर्क येथें या तीन प्रकारांची राष्ट्रीय पातळीवरील पहिली स्पर्धा झाली. १९७१ सालीं त्याच गांवीं पहिली जागतिक स्पर्धा भरली. आणि १९७२ सालीं खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. कसोटी एकच : एका खेपेस जास्तींत जास्त किती वजन उचललें? किती वेगानें उचललें, हें तेथें कोणी विचारीत नाहीं. मर्यादेवरचें वजन घेऊन उठणारा खेळाडू मुंगीच्या पावलानें वर येतो. मध्येंच कोठें तरी दांडा क्षणभर थबकल्यासारखा होतो, आणि पाहणाराचा श्वास रोखला जातो.

अशा या मंदगति खेळांत एक विलक्षण रीत रुजली. आठवड्यांतील एक-दोन दिवस खेळाडूनें आपल्या मर्यादेच्या निम्म्यानें किंवा त्याहून थोडें जास्त एवढेंच वजन घ्यावयाचें, आणि तें अंगांत असेल नसेल तेवढ्या जोरानें, गोळी सुटावी तसें वर न्यावयाचें. प्रत्येक खेपेस दोन किंवा तीनच आवर्तनें; मग थोडी विश्रांति, पुन्हां तेंच. आपल्याकडील तालमींत जड दगडी नाल उचलण्याची हौस बाळगणाऱ्या एखाद्या मल्लास वस्तादानें निम्म्या वजनाचा नाल देऊन "हाच झपाट्यानें उचल" असें सांगितलें, तर तो मल्ल प्रथम वस्तादाच्या तोंडाकडे पाहील. जड वजन उचलावयास शिकावयाचें तर जड वजनच उचललें पाहिजे, ही समजूत इतकी साहजिक आहे. ती कोठें व कशी हलली, हें पाहूं गेल्यास वाट एका प्रयोगशाळेपासून निघते.

आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल हे इंग्रज शास्त्रज्ञ. स्नायूंतील उष्णतेच्या संशोधनाबद्दल १९२२ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. त्याच वर्षीं त्यांनीं एक साधासा प्रयोग प्रसिद्ध केला. एक जड चाक, त्याच्या आंसावर लहानमोठ्या कप्प्या, आणि कप्पीला गुंडाळलेली दोरी. माणसानें कोपर वांकवून ती दोरी सर्व जोरानिशीं ओढावयाची. लहान कप्पीवर दोरी असली म्हणजे चाक जड लागे व हात हळू सरके. मोठ्या कप्पीवर असली म्हणजे तें हलकें लागे व हात झपाट्यानें येई. जोर प्रत्येक वेळीं पूर्णच. पण हात जितका वेगानें येई, तितकें चाकाला मिळणारें कार्य कमी भरे.

स्नायूंत चिकटपणा आहे, गुळाच्या पाकांतून पळी जलद फिरवितांना जसा विरोध होतो तसा तो आंतल्या आंत विरोध करतो, असें स्पष्टीकरण त्यावेळीं हिल यांनीं दिलें. तें टिकलें नाहीं. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉलेस फेन यांनीं स्नायूंतून निघणारी उष्णता मोजून दाखविली आणि ती चिकटपणाच्या कल्पनेशीं जुळेना. पुढें १९३८ सालीं स्वतः हिल यांनींच बेडकाच्या मांडीच्या एका स्नायूवर अत्यंत नाजूक मोजमापें करून बळ व वेग यांचा संबंध एका समीकरणांत बसविला. आलेखावर तो एक वक्र रेषा होतो : वेग शून्य असतां बळ सर्वांत अधिक, आणि वेग वाढतो तसतसें तें प्रथम झरझर व मग सावकाश उतरत जातें. हेच हिल १९४३-४४ च्या हिंवाळ्यांत हिंदुस्थान सरकारच्या विनंतीवरून येथें आले होते. येथील शास्त्रीय संशोधनाच्या व्यवस्थेवर त्यांनीं एक अहवालहि लिहिला. त्यामुळें या देशांत त्यांचें नांव बेडकाच्या स्नायूपेक्षां सरकारी कागदपत्रांशींच अधिक जोडलें गेलें.

हिल यांचा नियम वरवर वाचणाऱ्यास असें वाटतें कीं, वेगानें वजन उचलणें म्हणजे बळ गमावणें. तेव्हां बळ कमविण्यासाठीं वेगाची वाट धरणें हा शुद्ध वेडेपणा होय. पण नियमांतील एक अट अशा वाचकाच्या नजरेंतून निसटते. ती वक्र रेषा पूर्ण प्रयत्नाची आहे. समोर जें काय वजन असेल त्यावर स्नायूनें आपलें सर्वस्व पणाला लावलें, तर बळ व वेग यांची जोडी त्या रेषेवर पडते. हलकें वजन हलक्या हातानें, सावकाश उचलणारा माणूस त्या रेषेवर नसतोच. तो तिच्या कितीतरी खालीं असतो.

येथें न्यूटनचा हिशेब उपयोगी पडतो, आणि तो शाळेंतल्या मुलालाहि करतां येईल. शंभर किलोचा दांडा एकसारख्या संथ गतीनें वर नेतांना हातांना शंभर किलोइतकाच रेटा द्यावा लागतो. तोच दांडा, पृथ्वीच्या आकर्षणामुळें होणाऱ्या वेगवृद्धीच्या चौथ्या हिश्शाइतक्या वेगवृद्धीनें वर नेला, तर तेवढ्या वेळांत रेटा सवाशें किलोइतका होतो. दांड्यावरच्या चकत्या बदलल्या नाहींत. बदलला तो माणसाचा प्रयत्न. म्हणून, वजन किती, हा प्रश्न पुरता नाहीं. त्या वजनावर बळ किती लागलें, हें निराळें विचारावें लागतें.

मात्र या हिशेबांत एक खोड आहे, व ती पुढें या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांना पुष्कळ छळणार होती. हातानें घट्ट धरलेला दांडा शेवटीं थांबावयास हवा. तो फेंकून देतां येत नाहीं. जितक्या जोरानें त्याला गति द्यावी तितकें आधीं त्याला आवरावें लागतें. आणि आवरतांना रेटा वजनाहूनहि खालीं उतरतो. १९८९ सालीं ऑस्ट्रेलियांतील एलियट, विल्सन व कर या संशोधकांनीं बेंच प्रेसच्या चित्रणावरून दाखविलें कीं, मर्यादेवरचें वजन ढकलतांना वरच्या प्रवासाचा शेवटचा २४ टक्के भाग वेग कमी होण्यांत जातो. पण मर्यादेच्या ८१ टक्के वजन घेतलें तर हा भाग ५२ टक्क्यांवर जातो. म्हणजे वजन थोडें हलकें झालें कीं अर्धी अधिक वाट लगाम खेंचण्यांतच सरते.

स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंची बाजू थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. एल्वुड हेनेमन यांनीं १९५७ सालापासून मांजरांवर केलेल्या प्रयोगांत दिसून आलें कीं, मज्जारज्जूंतील स्नायुचालक पेशी ठराविक क्रमानें कामास लागतात. लहान पेशी आधीं, मोठ्या व जोरदार मागाहून. संथपणें हलकें काम करणाऱ्या माणसाच्या मोठ्या पेशी त्यामुळें निजलेल्याच राहतात. ब्रुसेल्स येथील देस्मेद व गोदो यांनीं १९७७ च्या सुमारास माणसाच्या पायावर हीच परीक्षा केली, तेव्हां आढळलें कीं एकदम झटका देऊन केलेल्या हालचालींतहि क्रम तोच असतो. परंतु मोठ्या पेशी फार लवकर, फार कमी बळावर जाग्या होतात. झटक्याच्या हेतूनें त्यांचा उंबरठाच खालीं येतो. दरबारांत मानकरी यावयाचे ते आपल्या क्रमानेंच, पण एरवीं जे मध्यरात्रीं येत ते दिवेलागणीलाच हजर, असा कांहीं तो प्रकार.

हें सर्व शास्त्र एकीकडे वाढत असतां, वेगाचा खरा संसार मांडला तो सोव्हिएट रशियांतील वस्तादांनीं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्यें त्या देशाचे खेळाडू प्रथमच उतरले आणि वजन उचलण्याच्या खेळांत त्यांनीं तेथपासूनच दरारा बसविला. ऑलिंपिकच्या प्रकारांत वेग ही चैन नाहीं. स्नॅच या प्रकारांत दांडा एका दमांत डोक्यावर न्यावयाचा असतो. त्याला पुरेशी गति मिळाली नाहीं तर तो छातीशींच थबकतो आणि खेळ संपतो. त्यामुळें मर्यादेहून हलक्या वजनावर, पण पूर्ण वेगानें, हजारों आवर्तनें करणें हें तेथें स्वाभाविकच होतें. ए. एस. प्रिलेपिन या रशियन प्रशिक्षकाच्या नांवानें एक कोष्टक प्रसिद्ध आहे. अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदींवरून तें तयार झालें. मर्यादेच्या ७० ते ८० टक्के वजन असेल तर एका खेपेस तीन ते सहा आवर्तनें व एकूण सुमारें १८, असें त्यांत सांगितलें आहे. आवर्तनें इतकीं थोडीं ठेवण्याचें मर्म असें कीं, थकलेला माणूस मंद होतो आणि मंदपणाचाच सराव करूं लागतो.

या अनुभवाला शास्त्राची चौकट दिली ती मॉस्कोंतील व्लादिमिर झात्सिओर्स्की यांनीं. खेळाडूच्या शारीरिक गुणांवरील त्यांचें पुस्तक १९६६ सालीं रशियन भाषेंत निघालें. त्यांच्या वर्गीकरणांत स्नायूंना पूर्ण ताण देण्याच्या तीन वाटा आहेत. मर्यादेवरचें वजन उचलणें ही पहिली; हलकें वजन थकून जाईपर्यंत पुन्हां पुन्हां उचलणें ही दुसरी; आणि हलकें वजन साधेल तेवढ्या सर्वाधिक वेगानें उचलणें ही तिसरी. या तिसरीलाच पुढें अमेरिकेंत गतिमान प्रयत्नाची पद्धति असें नांव पडलें.

झात्सिओर्स्की यांचें विवेचन मुळांतूनच वाचण्यासारखें आहे, कारण त्यांत वेळेचा विचार आहे. स्नायूला आपलें सर्वाधिक बळ प्रकट करावयास सेकंदाचे सुमारें तीन ते चार दशांश लागतात. पण गोळाफेंक करणाऱ्यास हात सोडण्याच्या शेवटच्या क्रियेंत मिळतात ते सेकंदाचे पंधरा ते अठरा शतांश, आणि धांवणाऱ्याच्या पावलाला आठ ते दहा शतांश. तेवढ्यांत बळाचा थोडासाच अंश बाहेर येतो. बाकीचा घरांत पुरलेल्या धनासारखा निरुपयोगी. तें धन लवकर उकरून काढावयास शिकणें, हें झात्सिओर्स्की यांच्या मतें वेगवान् पद्धतीचें काम. आणि हेंहि त्यांनीं निःसंदिग्धपणें लिहून ठेवलें कीं, सर्वाधिक बळ वाढविण्यासाठीं ही पद्धति नव्हे. वेगानें हालणाऱ्या वजनावर तितकें बळ लागूंच शकत नाहीं. म्हणजे ज्या पॉवरलिफ्टिंगमध्यें या पद्धतीचा पुढें एवढा बोलबाला झाला, त्या खेळाच्या मुख्य गरजेविषयीं तिच्या शास्त्रकारानेंच हात वर केले होते! शिवाय तो खेळ त्यावेळीं रशियांत नव्हताच; १९८० च्या दशकाच्या अखेरपर्यंत त्यानें तेथें मूळ धरलें नाहीं.

शीतयुद्धाच्या काळांत ही विद्या समुद्रापार गेली ती हेरांच्या हातून नव्हे, तर भाषांतरकारांच्या. मायकेल येसिस यांनीं १९६६ पासून सोव्हिएट व्यायामशास्त्रावरील लेख इंग्रजींत आणणारें नियतकालिक चालविलें, आणि स्वतः वजनें उचलणारे अँड्र्यू चार्निगा यांनीं रशियन पुस्तकें भाषांतरित करून विकावयास आरंभ केला. हीं भाषांतरें वाचणारे लोक थोडे. पण जे होते ते हातांत पुस्तक व खांद्यावर लोखंड अशा जातीचे होते.

त्यांतले एक फ्रेडरिक हॅटफील्ड. विद्यार्थिदशेंत हे कसरतपटु होते. पुढें त्यांनीं क्रीडाशास्त्रांत डॉक्टरेट मिळविली. पॉवरलिफ्टिंगचा शास्त्रीय विचार करणारें त्यांचें पुस्तक १९८१ सालीं निघालें. हॅटफील्ड यांचा मुद्दा कागदावर दोन ओळींचा, पण कोणीहि बैठक मारून पडताळून पाहावा असा आहे. बैठकींतून उठतांना तळाशीं मांड्यांना सर्वांत जड जातें. जसजसें वर यावें तसतशी हाडांची तरफ सोयीची होते व तेंच वजन हलकें लागूं लागतें. सामान्य माणूस या सवलतीचा फायदा विश्रांतीसाठीं घेतो. तळाशीं जीव खाऊन रेटतो, आणि मध्यावर आला कीं सुटलों म्हणून जोर ढिला करतो. त्यामुळें त्याच्या स्नायूंना खरा ताण मिळतो तो वाटेच्या एका लहानशा तुकड्यापुरता. हॅटफील्ड यांनीं सांगितलें : तरफ जितकी सोयीची होईल तितका वेग वाढवा, म्हणजे हलकेपणाची भरपाई वेगवृद्धीनें होऊन ताण तळापासून माथ्यापर्यंत कायम राहील. भरपाईची वेगवृद्धि, असेंच त्यांनीं या रीतीला नांव दिलें.

१९८७ सालीं, पंचेचाळिशीच्या घरांत असतांना, हॅटफील्ड यांनीं १०१४ पौंड, म्हणजे सुमारें ४६० किलो वजन खांद्यांवर घेऊन बैठक पुरी केली. त्या वयांत पुष्कळ माणसें जिना चढतांना कठड्याला हात लावूं लागतात. या एका पराक्रमानें त्यांच्या लेखनाला जें वजन आलें तें कोणत्याहि आलेखानें आलें नसतें. ही गोष्ट न्याय्य आहे कीं नाहीं, हा प्रश्न वेगळा. व्यायामशाळेच्या जगांत प्रमाण मानलें जातें तें असेंच.

दुसरा वाचक अगदीं निराळ्या घडणीचा. लुई सिमन्स हे ओहायो संस्थानांतील कोलंबस शहरचे. विद्यापीठाशीं त्यांचा संबंध नव्हता. १९७३ सालीं सराव करतां करतां त्यांच्या कमरेचा मणका मोडला आणि कित्येक महिने ते कुबड्यांवर होते. तेवढ्यानें न थांबतां ते पुन्हां आखाड्यांत उतरले, आणि १९८३ सालीं तोच मणका दुसऱ्यांदां मोडला. डॉक्टरांनीं सुचविलेली शस्त्रक्रिया त्यांनीं नाकारली. त्यावेळीं अमेरिकन खेळाडूंची सर्वसाधारण रीत अशी असे कीं, स्पर्धा जवळ येईल तसें आठवड्यामागून आठवडे वजन चढवीत जावयाचें व अखेरीस मर्यादेच्या कड्यावर उभें राहावयाचें. कोणी कड्यावरून स्पर्धेला पोंचे, कोणी खालीं कोसळे. दोनदां कोसळलेल्या या माणसानें रशियन पुस्तकांची भाषांतरें मागविलीं तीं या अवस्थेंत.

त्यांतून व स्वतःच्या अनुभवांतून सिमन्स यांनीं जो आठवडा बसविला तो असा : एक दिवस बैठकीच्या व डेडलिफ्टच्या स्नायूंसाठीं आणि एक दिवस बेंच प्रेसच्या स्नायूंसाठीं मर्यादेवरचें वजन, आणि प्रत्येकापासून सुमारें ७२ तासांनीं, त्याच स्नायूंसाठीं, हलक्या वजनाचा वेगवान् दिवस. बैठकींत मर्यादेच्या ५० ते ६० टक्के वजनानें दोन-दोन आवर्तनांच्या आठ ते बारा खेपा. बेंच प्रेसमध्यें तीन-तीन आवर्तनांच्या आठ-नऊ खेपा. खेपांमधील विश्रांति मिनिटभराची. अडीचशें किलोची बैठक मारणारा माणूस अशा दिवशीं सव्वाशें ते दीडशें किलोवर काम करी. बैठकहि एका खोक्यावर क्षणभर टेंकून मारावयाची. ही खोक्याची युक्ति त्यांनीं कॅलिफोर्नियांतील कल्व्हर सिटी येथल्या वेस्टसाइड नांवाच्या जुन्या अड्ड्याकडून घेतली होती. तेथल्या मंडळींचे लेख ते तरुणपणीं वाचीत, आणि कृतज्ञतेनें आपल्या दालनाचें नांवहि त्यांनीं वेस्टसाइडच ठेविलें. मग तें दालन पश्चिम किनाऱ्यापासून हजारों मैल दूर कां असेना.

या मांडणीचें खरें बीज वेगांत जेवढें आहे तेवढेंच मणक्यांत आहे. मर्यादेवरचें वजन आठवड्यांतून दोनदां त्याच सांध्यांवर लादलें तर शरीर फार दिवस साथ देत नाहीं. पण दुसरा दिवस अजीबात हलका ठेवला तर सराव नुसता नांवाचा होतो. निम्में वजन आणि पूर्ण प्रयत्न, या तोडग्यानें सांध्यांवरील भार कमी झाला व मज्जातंतूंना पूर्ण जोराचा हुकूम देण्याची संवय मोडली नाहीं. झात्सिओर्स्की यांनीं गोळाफेंकी खेळाडूसाठीं सांगितलेलें औषध सिमन्स यांनीं अशा रीतीनें दुसऱ्याच रोग्याला दिलें.

शेवटीं दांडा आवरावा लागतो, ही मघांची खोडहि त्यांच्या दालनांत दृष्टीस पडली होतीच. उपाय निघाला तो बंदरावरचा म्हणावा असा. दांड्याच्या दोन्ही टोकांना जाड लोखंडी सांखळ्या अडकविल्या. खालीं बसलें कीं सांखळीच्या कड्या जमिनीवर रास होऊन पडत आणि वजन कमी होई. वर येतांना एकेक कडी जमीन सोडी व भार वाढत जाई. नंतर जमिनीशीं बांधलेल्या जाड रबरी पट्ट्या आल्या. त्या तर दांड्याला खालीं ओढीतच असत. माथ्यापर्यंत रेटा कायम ठेवल्याशिवाय आतां गत्यंतर नव्हतें. हॅटफील्ड यांनीं जें मनाच्या निश्चयावर सोपविलें होतें तें सिमन्स यांनीं लोहाराच्या दुकानांतून आणलें.

१९९० नंतरच्या वीस वर्षांत कोलंबसच्या त्या दालनांतून विक्रमांमागून विक्रम निघाले आणि सिमन्स यांच्या लेखांची पारायणें जगभर होऊं लागलीं. पण विक्रमांवरून पद्धतीची पारख करणें धोक्याचें असतें, आणि याच खेळाच्या जुन्या गांवीं त्याचा धडा मिळून चुकला होता. १९६० च्या आसपास यॉर्कच्या खेळाडूंनीं न हलणाऱ्या दांड्याला रेटा देण्याच्या व्यायामानें अद्भुत प्रगति केली असा गाजावाजा झाला. त्या व्यायामाचीं चौकटयंत्रें हातोहात खपलीं. त्याच खेळाडूंना त्याच सुमारास डॉ. जॉन झीग्लर यांच्याकडून स्नायुवर्धक गोळ्याहि मिळत होत्या, हें मागाहून उघडकीस आलें. श्रेय गोळ्यांचें किती व चौकटीचें किती, हें कोण सांगणार? वेस्टसाइडच्या बाबतींतहि हीच अडचण आहे. औषधें घेतल्याचें सिमन्स यांनीं स्वतः उघडपणें सांगितलें होतें. शिवाय त्या काळीं स्पर्धांतून वापरले जाणारे ताठ, आंवळ कपडे खेळाडूला तळाशीं उचलून धरीत. तेव्हां वाटेच्या वरच्या भागांत जोर वाढविणाऱ्या सांखळ्या व पट्ट्या अशा खेळाडूस विशेष मानवणें साहजिकच होतें. साध्या कपड्यांत उचलणारास तळच जड जातो. बोरिस शेइको या रशियन प्रशिक्षकाच्या हाताखालीं तयार झालेल्या जगज्जेत्यांनीं तर वेगाचा निराळा दिवस कधीं पाळलाच नाहीं. त्यांचें बहुतेक काम मर्यादेच्या ७०-८० टक्क्यांवर, थोड्या आवर्तनांनीं व स्वच्छ रीतीनें चाले. यांत प्रिलेपिनचें कोष्टक ओळखूं येतें. वेस्टसाइडच्या कित्येक अनुयायांनीं आपल्या गुरूची मांडणी जशीच्या तशी पवित्र मानली. गुरूनें ती स्वतः पुस्तकांतून उचलून आपल्या मोडक्या कमरेला बेतून घेतली होती, हें मात्र ते विसरले.

प्रयोगशाळेनें या प्रश्नाला हात घातला तो जरा उशीरानेंच. कॅनडांतील डेव्हिड बेम व डिग्बी सेल यांचा १९९३ चा प्रयोग या सर्व इतिहासांत कदाचित् सर्वांत चतुर. सोळा स्त्रीपुरुषांनीं सोळा आठवडे पावलाचा व्यायाम केला. एक पाऊल यंत्रावर जोरानें व वेगानें हलवावयाचें. दुसरें घट्ट जखडलेलें, पण तेंहि तितक्याच वेगानें हलविण्याचा पूर्ण प्रयत्न करावयाचा. एक पाय खरोखर धांवला, दुसरा जागचा हललाहि नाहीं. दोहोंत झालेली सुधारणा मात्र सारखी, आणि ती वेगवान् हालचालींत उठून दिसणारी! स्नायूला शिकविलें तें वेगानें नव्हे, वेगाच्या हेतूनें. मर्यादेवरच्या वजनाशीं झगडतांना दांडा गोगलगायीसारखा चालला तरी जलद उठण्याचा निश्चय कां सोडूं नये, याचेंहि उत्तर या प्रयोगांत होतें.

स्पेनमधील गोन्साल्स बादियो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग पॉवरलिफ्टिंगच्या अधिक जवळचा. वीस पुरुष, सहा आठवडे, बेंच प्रेस, मर्यादेच्या ६० ते ८० टक्के वजन. दोन्ही गटांचीं वजनें व आवर्तनें तंतोतंत सारखीं. फरक एवढाच कीं एका गटानें दांडा साधेल तितक्या वेगानें ढकलला व दुसऱ्यानें मुद्दाम निम्म्या वेगानें. पहिल्या गटाची मर्यादा १८.२ टक्क्यांनीं वाढली, दुसऱ्याची ९.७ टक्क्यांनीं. येथें वेगाचा लाभ प्रत्यक्ष बळांतच उतरला. पण वजनें निम्मीं नव्हतीं, हें विसरतां कामा नये. निम्म्या वजनानें सर्वाधिक बळ वाढतें काय, या झात्सिओर्स्की यांच्या शंकेला हा प्रयोग फारसा स्पर्श करीत नाहीं.

याच्या बारा वर्षें आधीं, २००२ सालीं, बोस्टन येथें रॉजर फील्डिंग प्रभृति संशोधकांनीं हीच रीत लोखंडाशीं कधींहि संबंध न आलेल्या लोकांवर करून पाहिली. तीस वृद्ध स्त्रिया, वयाची सरासरी ७३. सर्वांना उठण्याबसण्याची, चालण्याची कांहीं ना कांहीं अडचण. त्यांचेहि दोन गट पाडले, दोघांनाहि मर्यादेच्या ७० टक्के भार दिला आणि सोळा आठवडे पायांनीं तो ढकलावयास लावला. एका गटानें संथपणें, दुसऱ्यानें होईल तितक्या झपाट्यानें. अखेरीस मर्यादेवरचें बळ दोन्ही गटांत जवळजवळ सारखेंच वाढलेलें आढळलें. पायांची शक्ति, म्हणजे बळ गुणिलें वेग, ती मात्र झपाट्यानें ढकलणाऱ्या बायांत दुसऱ्या गटाच्या मानानें पुष्कळच अधिक वाढली होती. आणि वयोमानाप्रमाणें बळाच्या आधीं ओसरते ती हीच शक्ति.